१० इंची रिंग लाइट : व्हिडिओ मुलाखतीसाठी कितपत कामाचा?

ऑनलाइन मुलाखत ठरली की खरेदीच्या यादीत रिंग लाइट हमखास येतो. इथे विचार केला आहे तो सगळीकडे मिळणाऱ्या साध्या प्रकाराचा: २६ सेंटिमीटर व्यासाचं एलईडीचं कडं, यूएसबी वायर, वायरीवरच बटणांची डबी, मधोमध मोबाइलची क्लिप आणि घडीचा ट्रायपॉड. दिवा म्हणून ही वस्तू चांगली आहे. पण खोक्यावरच्या चित्रात दाखवतात तशी, म्हणजे तोंडासमोर नाकाच्या रेषेत, लावली तर मुलाखतीत तिचा उपद्रवच जास्त.

गोल कड्याचा हा प्रकार १९५२ साली दातांच्या फोटोंसाठी निघाला. लेन्स बरोबर कड्याच्या मधोमध असते, त्यामुळे तोंडाच्या आतही सावली पडत नाही. लॅपटॉपवर हे जुळत नाही. वेबकॅम झाकणाच्या वरच्या कडेला, दिवा त्याच्या मागे. कड्याचा खालचा भाग स्क्रीनआड जातो आणि उरलेली कमान थेट डोळ्यांत येते. सावली नाही म्हणजे चेहऱ्याला उठावही नाही. गाल सपाट दिसतात, कपाळ चकाकतं आणि पाऊण तासाच्या मुलाखतीत डोळे आपोआप बारीक होऊ लागतात.

म्हणून लॅपटॉपसाठी मधलं भोक विसरून जा आणि कडं साधा टेबललॅम्प समजून वापरा. कॅमेऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला ३० ते ४५ अंशांत, डोळ्यांपेक्षा वीत-दीड वीत वर, दिव्याचं तोंड किंचित खाली झुकवून. अंतर ७५ सेंटिमीटर ते १ मीटर. अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथाईवर येतो, त्यामुळे बटणांशी खेळण्याआधी स्टँड मागेपुढे करून पाहावा. दुसऱ्या बाजूला पांढरी भिंत असेल तर सावली तिथेच मऊ होते. नसेल तर एक पांढरा कार्डबोर्ड उभा केला तरी भागतं.

चष्मा असेल तर हीच जागा अधिक महत्त्वाची. समोरच्या कड्याची दोन पांढरी वर्तुळं काचांवर उमटतात आणि समोरच्याला डोळे दिसतच नाहीत. दिवा वर आणि बाजूला नेला की प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर जातं. तपासताना नुसतं सरळ बसू नका. बोलताना मान जितकी हलते तितकी हलवून बघा. तरीही काचांवर निळसर चौकोन राहिला तर तो दिव्याचा नसून स्क्रीनचा असतो. स्क्रीनची ब्राइटनेस उतरवा, तिच्यावर मागे उघडी राहिलेली पांढरी पानं बंद करा.

या दिव्याचा खरा फायदा रूप उजळण्यात नाही. उजेड कमी असला की बरेच वेबकॅम प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतात, सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेमवर येतात. हात हलला की पुसट पट्टा दिसतो आणि चित्रात रवाळपणा येतो. पुरेसा उजेड मिळाला की तोच जुना वेबकॅम बराच नीट चालतो. बॅकग्राउंड ब्लर वापरणाऱ्यांना तर फरक लगेच कळेल: केसांच्या आणि खांद्यांच्या कडा तुटणं कमी होतं.

रंगाच्या तीन छटा असतात: पिवळी, मधली, पांढरी. सुंदर कोणती हा प्रश्नच नाही, खोलीतल्या उजेडाशी जुळणारी निवडायची. खिडकीचा दिवसाचा उजेड असेल तर पांढरी, पिवळे बल्ब असतील तर पिवळी. मिसळ केली की अर्धा चेहरा निळसर, अर्धा हळदीसारखा दिसतो आणि कॅमेऱ्याला कुठला रंग खरा मानावा ते ठरवता येत नाही.

तक्रारी सगळ्यात जास्त येतात त्या विजेच्या, आणि दोष बहुतेक वेळा दिव्याचा नसतोच. या आकाराच्या दिव्याला साधारण १० वॉट, म्हणजे ५ व्होल्टला २ अँपिअर लागतात. लॅपटॉपचं यूएसबी २ पोर्ट नियमाने अर्धा अँपिअर देतं, यूएसबी ३ जेमतेम ०.९. मग दिवा पूर्ण तेजाला पोचत नाही, लुकलुकतो, किंवा त्याच हबवरचा (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवरचा) माउस आणि वेबकॅम मध्येच तुटतात. ऐन प्रश्नाच्या मध्यात कॅमेरा गेला की संशय इंटरनेटवर घेतला जातो! मोबाइलचा २ अँपिअरचा चार्जर लावा, विषय मिटतो. पॉवर बँकही चालते, पण दिवा फार मंद ठेवला तर काही पॉवर बँका, विजेची ओढ कमी आहे असं समजून, स्वतःच बंद होतात.

मंद ठेवण्याचा आणखी एक तोटा आहे. स्वस्त दिवे उजेड कमी करतात म्हणजे एलईडी झपाट्याने चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. तेज वाढवा आणि दिवा मागे न्या. जागा नसेल तर बटर पेपरचा एक थर लावा. उजेड मऊही होतो.

मोबाइलवरून मुलाखत देणार असाल तर मात्र कड्याचं भोक कामाला येतं. फोन आडवा, क्लिपमध्ये, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. क्लिपचा जबडा आवाजाच्या किंवा पॉवरच्या बटणावर बसत नाही ना, हे आधी पाहा. फोन आपोआप लॉक होण्याचं हे नेहमीचं कारण. चष्मेवाल्यांनी इथेही फोन वेगळ्या स्टँडवर आणि दिवा बाजूला हेच करावं.

ट्रायपॉड या संचातला सर्वात कच्चा भाग. वरचा भार जास्त, पाय हलके. पाय पूर्ण फाकवा, मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली लटकवा. टेबलावर ठेवायचा छोटा स्टँड टाळलेला बरा: टाइप केलं की कडं डुलतं आणि चेहऱ्यावरचा उजेडही.

पाठीमागे उघडी खिडकी असेल तर १० वॉटचा दिवा तिच्यापुढे हरतो. पडदा ओढा किंवा टेबलाची दिशा बदला. बहुतेक वेळा खिडकीकडे तोंड करून बसलं की दिवसाच्या मुलाखतीला दिवा लागतच नाही. आणि एकच वस्तू घेणं परवडणार असेल तर हा दिवा नको, वायरचा हेडसेट घ्या. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की बरेच संच कमी दर्जाच्या कॉल मोडवर उतरतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. चेहरा थोडा अंधारा दिसला तर चालतं, उत्तर ऐकू आलं नाही तर नाही.

चाचणी मुलाखतीच्या वेळेलाच, पण आदल्या दिवशी घ्यावी, कारण खिडकीचा उजेड तासातासाला बदलतो. झूममध्ये एकट्याने मीटिंग सुरू करून २ मिनिटं रेकॉर्ड करा. स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, रेकॉर्डिंगमध्ये सुलटं, त्यामुळे सावली नक्की कुठल्या गालावर आहे ते तिथेच कळतं. दिवा लावल्यावर ॲपमधलं कमी उजेडासाठीचं सुधारणा-सेटिंग बंद करा, नाहीतर कपाळ पांढरं पडतं. अनेक दिवे बंद करून चालू केले की मूळ छटेवर परततात. जमलेली छटा आणि तेजाची पायरी कागदाच्या पट्टीवर लिहून बटणांच्या डबीला चिकटवा.