परवान्याची ‘किल्ली’ म्हणून विकलेला पेनड्राइव्ह

माझ्या थोरल्या बहिणीला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार आहे. या विकारात बहुधा आधी रात्रीचे दिसणे कमी होते, मग कडेची नजर आक्रसत जाते आणि शेवटी नळीतून पाहावे तेवढेच काय ते दिसते. चाळिशी उलटल्यावर ताईला संगणकाच्या पडद्यावरची अक्षरे कितीही मोठी केली तरी लागेनाशी झाली. तिचे सगळे काम हिशेबाचे आणि पत्रव्यवहाराचे, म्हणजे संगणकावरचेच असल्यामुळे ते सुटू नये या धास्तीने आम्ही घाईला आलो होतो. पुढे जे घडले त्याला ही घाई बरीचशी कारणीभूत आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

एका परिचितांनी सुचवलेले एक गृहस्थ घरी आले. दृष्टिहीनांसाठी खास तयार केलेली ‘बोलकी प्रणाली’ आपल्याकडे आहे, ती एका किल्लीवर चालते आणि किल्लीचा परवाना दर वर्षी नवा करावा लागतो, असे त्यांनी सांगितले. किल्ली म्हणजे काळ्या रंगाचा, वर कसलेही नाव नसलेला एक पेनड्राइव्ह होता. तो लावला की संगणक पडद्यावरचा मजकूर वाचू लागे आणि काढून घेतला की आवाज बंद पडे, त्यामुळे तो परवानाच आहे याविषयी आम्हाला शंका आली नाही. प्रात्यक्षिक त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर, आधीच उघडून ठेवलेल्या दोन पानांवर दाखवले. ताईने मध्येच विचारले, “मी जरा हाताने चालवून पाहू का?” त्यावर ते तिच्याशी नव्हे, माझ्याशी बोलले, “पैसे भरले की ताईंना सगळं शिकवतो.” हे मला त्याच क्षणी खटकायला हवे होते. यंत्र जिच्यासाठी घ्यायचे तिला बाजूला बसवून व्यवहार माझ्याशी चालला होता आणि मी तो चालू दिला.

आम्ही पैसे भरले. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचे पुन्हा भरले. मध्यंतरी पेनड्राइव्ह वाकला तेव्हा ‘नव्या किल्लीचे’ वेगळे भरले. पावतीवर प्रत्येक वेळी ‘संगणक सेवा’ एवढेच दोन शब्द असत, प्रणालीचे नाव कधीच नसे. दोन गोष्टी मात्र त्यांनी पुनःपुन्हा बजावल्या होत्या. अद्ययावत करण्याच्या कोणत्याही सूचनेला होकार द्यायचा नाही, आणि इन्सर्टबरोबर एन ही कळ कधीही दाबायची नाही, कारण त्याने परवाना बिघडतो.

या दोन वर्षांत पैशापेक्षा मोठे नुकसान झाले ते ताईच्या उमेदीचे. संगणक सुरू झाल्यावर पासवर्ड टाकायचा पडदा येतो, तिथे ही प्रणाली बोलतच नसे, त्यामुळे रोज सकाळी कोणीतरी शेजारी येऊन तिचा पासवर्ड टाकून देई. बँकेची कागदपत्रे आणि सहकाऱ्यांच्या पगाराचे हिशेब सांभाळणाऱ्या बाईचा पासवर्ड चार माणसांना तोंडपाठ झाला होता. काम करता करता विंडोज कधी एखाद्या बदलासाठी परवानगी मागे आणि आवाज एकदम थांबे. नवीन संकेतस्थळांवर ‘बटण, बटण, बटण’ असे नुसते ऐकू येई, पण कोणते बटण ते कळत नसे. हे प्रणालीचे दोष आहेत असे तिला कधी वाटलेच नाही. ती म्हणे, “माझीच बोटं चुकत असतील, वय झाल्यावर शिकतेय ना.” ती जे काही गमावत होती ते मला त्या वाक्यातून ऐकू यायला हवे होते.

उलगडा एका फोनमध्ये झाला. कामानिमित्त ताई एका दृष्टिहीन गृहस्थांशी बोलत होती आणि मागे तिचा संगणक काहीतरी वाचत होता. पाच-सात शब्द कानावर पडताच त्यांनी विचारले, “ताई, तुम्ही एनव्हीडीए वापरता का? हा ईस्पीकचा आवाज आहे.” एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आणि ईस्पीक हा त्याच्यासोबत येणारा यांत्रिक आवाज, यांतले एकही नाव ताईने ऐकलेले नव्हते. त्यांनी तिला नेमकी तीच कळ दाबायला सांगितली, इन्सर्ट आणि एन. घाबरत घाबरत तिने ती दाबली. परवाना वगैरे काही बिघडले नाही. एक यादी उघडली. त्यातल्या मदत विभागातून ‘विषयी’ या पर्यायावर गेल्यावर संगणकाने शांतपणे वाचून दाखवले की हा नॉनव्हिज्युअल डेस्कटॉप अ‍ॅक्सेस, म्हणजेच एनव्हीडीए आहे, २००६ पासूनचे त्याचे हक्क त्याच्या निर्मात्यांचे आहेत आणि तो जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली कोणालाही वापरायला, वाटायला मोकळा आहे. दोन वर्षे आम्ही भाडे भरत होतो ते या मोकळ्या वस्तूचे.

एनव्हीडीएची सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली केली, कारण पडदा वाचणारी चांगली सॉफ्टवेअर तेव्हा फार महाग होती आणि डोळस माणसाला जो संगणक मिळतो त्यासाठी दृष्टिहीनाने वेगळी किंमत का मोजावी, हा त्याचा प्रश्न होता. जेम्स तेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. पन्नासहून अधिक भाषांत स्वयंसेवकांनी त्याचे भाषांतर केले आहे. ज्यांनी स्वतःच्या गरजेतून ही वस्तू घडवली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली, त्यांचे नाव पुसून ती त्यांच्यासारख्याच एका व्यक्तीला वर्षाच्या बोलीवर विकली गेली, याचा मला पैशापेक्षा जास्त संताप आहे.

फसवणूक नेमकी कुठे होती ते नीट सांगायला हवे, नाहीतर प्रामाणिक माणसांवर अन्याय होईल. हे सॉफ्टवेअर बसवून देण्याचे, शिकवण्याचे, घरी येऊन अडचणी सोडवण्याचे पैसे घेण्यात काहीच गैर नाही. त्याच्या परवान्यानुसार प्रत विकायलाही बंदी नाही. पण परवान्याचा मजकूर प्रतीसोबत द्यावा लागतो, आणि इथे तोच दडवला होता. पेनड्राइव्हवर होती ती एनव्हीडीएची फिरती प्रत, म्हणजे संगणकात न बसवता थेट चालणारी. एखाद्याने परक्या संगणकावर तात्पुरते काम करावे यासाठी ती सोय निर्मात्यांनीच दिलेली आहे. या फिरत्या प्रतीला पासवर्डच्या पडद्यावर किंवा विंडोजच्या परवानगीच्या खिडकीत बोलता येत नाही, आणि हे तिच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे ग्राहक आपल्यावर अवलंबून राहावा म्हणून या गृहस्थांनी ती संगणकात कायमची बसवलीच नाही. अद्ययावत करू दिली नाही, कारण तसे करताना खरे नाव ऐकू आले असते. म्हणूनच प्रत जुनी राहिली आणि नवी संकेतस्थळे तिला उमगेनात.

पडदा वाचणारे सॉफ्टवेअर कोणी विकायला आले तर आधी त्याचे नाव विचारा आणि ते पावतीवर लिहून मागा. जॉजसारखी पैसे मोजून घ्यायची सॉफ्टवेअरही आहेत, आणि ती आपले नाव लपवत नाहीत. परवाना नसताना जॉज एका वेळी चाळीस मिनिटे चालवून पाहता येते. विंडोजमध्ये नॅरेटर आधीपासूनच असतो, कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की तो बोलू लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असतो. यांतले काही पुरेल की नाही ते ज्याला वापरायचे आहे त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रोजच्या कामावर ठरवावे, आणि आधीपासून वापरणाऱ्या एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीला तेवढ्यापुरते शेजारी बसवावे. आमचे दोन वर्षांचे भाडे त्या एका फोनने वाचले असते.

त्या गृहस्थांचा क्रमांक आता लागत नाही. तक्रारीचा अर्ज ताईने स्वतः टाइप केला, पण पावत्यांवर प्रणालीचे नावच नसल्यामुळे विकले काय हे सिद्ध करणे अवघड जात आहे. म्हणून तो पेनड्राइव्ह आम्ही न पुसता पाकिटात जपून ठेवला आहे. तुमच्या घरी अशी एखादी ‘किल्ली’ असेल तर ती लावून इन्सर्ट आणि एन दाबा. यादी उघडली तर साधनांच्या विभागात ‘एनव्हीडीए स्थापित करा’ हा पर्याय सापडेल. ताईच्या पेनड्राइव्हवर तो पहिल्या दिवसापासून होता. निर्मात्यांच्या संकेतस्थळावरून ताजी प्रत उतरवून बसवली तर अधिकच चांगले, आणि बसवताना सुरुवातीच्या पडद्यावर बोलण्याचा पर्याय निवडायला विसरू नका. ताईने तो निवडला, आणि त्यानंतर सगळ्यांत आधी पासवर्ड बदलला.