१५०-६०० मिमी झूम लेन्स आणि उडते गरुड : नऊ महिन्यांनंतर

ही लेन्स मी फक्त उडत्या गरुडांसाठी घेतली. तोवर ३०० मिमीच्या लेन्सवर भागवत होते (मिमीचा आकडा जितका मोठा, तितका पक्षी जवळ दिसतो) आणि फोटोत गरुड म्हणजे आभाळातला ठिपका असायचा.

पहिले दोन महिने सगळा दोष लेन्सला दिला. ६०० वर काढलेला एकही फोटो धड येईना. पिसं एकमेकांत मिसळलेली, डोळा धूसर. लेन्स तपासायला पाठवायचंही ठरवलं होतं. मग एकदा ऊन चढायच्या आत, जवळच्या वठलेल्या झाडावरून गरुड उडाला आणि याच लेन्सने त्याच्या मानेवरचं पीस न् पीस सुटं दाखवलं. दोष तापलेल्या हवेचा होता. जमीन तापली की हवा थरथरते आणि पक्षी जितका लांब, तितकी ती थरथर जास्त. त्याला कुठलीच काच पुरी पडत नाही. अवघड एवढंच, की गरुड उंच घिरट्या घालतात ते याच वर चढणाऱ्या गरम हवेवर. म्हणून आता घिरट्यांचा नाद सोडून मी पहाटेच्या उड्डाणांच्या मागे असते.

पक्षी वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उडतो. वारा आणि सूर्य दोन्ही माझ्या पाठीशी असले, तर तो बहुधा माझ्याकडेच झेपावतो. उडण्याआधी तो पुढे झुकतो, बरेचदा शिटतो. तेवढ्या वेळात बोट बटणावर हवं.

लेन्सचं वजन दोन किलोच्या आसपास आहे. हातात धरून पंधरा मिनिटांत खांदा बोलायला लागतो, त्यामुळे ट्रायपॉडवर गिंबल हेड (जड लेन्सचा तोल सांभाळून ती सहज फिरू देणारा भाग) लावते. फोकस कधीकधी जवळच्या फांद्यांत अडकतो. फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) लांबच्या अंतरावर ठेवल्यापासून हा त्रास बराच कमी झाला. आणि एक, थेट ६०० वर पक्षी शोधू नका. ३०० च्या आसपास पकडायचा, मग झूम करायचं. शटर १/२५०० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही, गरुड सूर मारताना १/३२००. उजळ आभाळासमोर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवते, नाहीतर पंखांखालचा भाग काळा पडतो. ६०० वर ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही, म्हणून पहाटे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० होतोच आणि फोटोत नॉइज, म्हणजे दाणे, येतात. ही या लेन्सची खरी मर्यादा.

तो नॉइज काढणं हे निम्मं काम. चारशे फ्रेममधून पाच-सहा उरतात. पंखाआड डोकं गेलेले, डोळ्यावर पापणीसारखा पांढरट पडदा आलेले फोटो आधीच जातात. मग रॉ फाइलवर (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) पहिल्यांदा नॉइज कमी करायचा आणि शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, नंतर. मी उलट करायचे, तेव्हा नॉइजचे दाणेच धारदार होत होते. शार्पनिंग मास्क लावून (म्हणजे बाकीचा भाग झाकून) फक्त पक्ष्यावर. आभाळाला अजिबात नाही. पंखाखालची सावली थोडीच उचलायची. जास्त उचलली की पंखाच्या कडेला पांढरी रेघ दिसते आणि सगळा फोटो खोटा वाटतो. क्रॉप करताना गरुडाच्या चोचीपुढे मोकळं आभाळ ठेवते.

घरट्याजवळ मी ही लेन्सही नेत नाही. तिथे ६०० मिमीला पुरेल इतकं जवळ जाणंसुद्धा गरुडाला त्रासाचं होऊ शकतं, आणि असा फोटो मला नको.

लेन्स मी ठेवणार आहे. पहाटे उठायची तयारी असेल तर जरूर घ्या. भर दुपारच्या घिरट्यांसाठी घेत असाल तर थांबा.