बारा पौंड, बारा गेम : टेनिसच्या 'पक्क्या' टिप्सचा माझा अनुभव

पाचपैकी दीड तारा. त्यातला अर्धा केवळ मेसेज वेळेवर यायचे म्हणून.

मी लंडनच्या हॅरोत राहते, पगारपत्रकं करते. इथे सट्टा कायदेशीर आहे, त्याची दुकानं भर बाजारात असतात. २०२५ च्या विम्बल्डनला ऑफिसातल्या एकीच्या नादाने महिलांच्या सामन्यांचे अंदाज देणारी एक सेवा महिनाभरासाठी घेतली. बारा पौंड. नाव लिहीत नाही, अशा खंडीभर आहेत.

जाहिरात होती, '७५ टक्के अंदाज बरोबर'. हे खोटं नसेलही! पण अंदाज असायचे बहुतेक हमखास जिंकणाऱ्यांवर, भाव १.२५ च्या आसपास. म्हणजे दहा पौंड लावले तर जिंकल्यावर नफा अडीच. शंभरदा लावा, ७५ वेळा जिंका, मिळाले १८७.५०. उरलेल्या २५ वेळांचे गेले २५०. साडेबासष्टचा खड्डा. बरोबरी साधायलाच ८० टक्के अंदाज खरे ठरावे लागतात. त्यात दुकानाचा वाटा वेगळा: एकीचा भाव १.४०, दुसरीचा ३.००, तर एकाला त्या भावाने भागून जिंकण्याची शक्यता टक्क्यांत काढा, ७१.४ आणि ३३.३. बेरीज १०४.७. वरचे ४.७ दुकानाचे, कुणीही जिंको.

पहिल्याच फेरीत दोन फटके. कोको गॉफ नुकतीच फ्रेंच ओपन जिंकून आलेली, म्हणून 'डोळे मिटून लावा'. अहो, फ्रेंच ओपन लाल मातीवर, विम्बल्डन गवतावर! यास्त्रेम्स्काने तिला ७-६, ६-१ घरी पाठवलं. पेगुलाबद्दल मात्र मी त्यांना दोष देणार नाही. तिने तीनच दिवस आधी जर्मनीतल्या बाड होम्बुर्गच्या स्पर्धेत गवतावरच एकेकाळच्या अव्वल श्वीऑनटेकला हरवलं होतं, आणि इथे कोच्चारेत्तोकडून ६-२, ६-३. हे कुणाला सुचलं असतं?

खरा राग आला फायनलला. श्वीऑनटेक विरुद्ध अनिसिमोवा. मेसेज आला: 'दोघींचा आमनेसामनेचा इतिहास पाहता तिसरा सेट होणार, एकूण गेम २०.५ च्या वर.' म्हणजे किमान २१. कसला इतिहास? व्यावसायिक स्पर्धांत दोघी त्याआधी एकदाही समोरासमोर आल्या नव्हत्या. मी तरीही पाच पौंड लावले, माझाही गाढवपणाच. ६-०, ६-०. सत्तावन्न मिनिटं. एकूण गेम बारा. दुसऱ्या सेटमध्ये अनिसिमोवाचा चेहरा बघवेना, आणि मी सोफ्यावर बसून म्हणतेय, बाई गं, एक तरी गेम घे. तिच्यासाठी म्हणत होते की पाच पौंडांसाठी, देव जाणे.

रात्री चॅनल उघडलं तर 'श्वीऑनटेक विजयी' हा दुसरा अंदाज हिरवी खूण लावून वर, आणि २०.५ वाला मेसेज गायब. गॉफवालाही गायब. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते, ते पाठवून पैसे परत मागितले. उत्तर आलं, 'चढउतार व्हायचेच.' लहानपणी इचलकरंजीत आमच्या गल्लीत मटक्याचे आकडे घेणारा एक जण होता. तो निदान चिठ्ठी तरी द्यायचा.

माझी वही सांगते: १९ अंदाज, १३ बरोबर, दर वेळी पाच पौंड. तोटा ११.८०, अधिक वर्गणीचे बारा. अंदाजाखाली दर वेळी ज्या सट्टा कंपनीची लिंक असायची तिच्याकडून यांना कमिशन मिळतं, हे तळाशी बारीक अक्षरात होतं. मी हरल्यावर त्यांना वाईट का वाटावं?

सांगलीच्या भाच्याने लिंक मागितली होती, दिली नाही. तिकडे तर ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच झाला.

त्याच ऑगस्टात यूएस ओपनसाठी 'निम्म्या दरात' असा मेसेज आला. घेतलं नाही. उपांत्यपूर्व फेरीत त्याच अनिसिमोवाने त्याच श्वीऑनटेकला ६-४, ६-३ हरवलं. या वेळी एक पेनीही न लावता तिच्यासाठी ओरडले.