पाच स्टारच्या नादात माझे १,०१,५०० रुपये गेले

गूगलवरचे रिव्ह्यू वाढवून देतो म्हणणाऱ्यांनी मला कसं फसवलं, हे लिहू की नको, असं तीन महिने चाललं होतं. मिस्टर म्हणाले, "झालं ते झालं, चारचौघांत कशाला सांगत बसतेस?" पण गेल्या मंगळवारी सांगलीहून माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला आणि त्यानंतर गप्प बसणं मला जमेना.

मी दातांची डॉक्टर आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत एका खुर्चीचं क्लिनिक, यंदा चौदा वर्षं झाली. पेशंट यायचे ते एकमेकांच्या सांगण्यावरून. गारगोटीच्या एका मास्तरांची कवळी मी केली, तर पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या गल्लीतली निम्मी माणसं माझ्याकडे येऊन गेली. आता तसं राहिलं नाही. माणूस एसटी स्टँडवर उतरतो, मोबाइल काढतो, 'जवळचा डेंटिस्ट' असं टाकतो आणि ज्याचे स्टार जास्त त्याच्याकडे जातो. माझ्याच एका जुन्या पेशंटची सून कोपऱ्यावरच्या नव्या क्लिनिकात दाढ काढून आली. मंडईत भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तिकडं रिव्ह्यू चारशेच्या वर होते हो." त्यांचे ४१२ होते, माझे ८७. नऊ वर्षांत मिळालेले ८७, एकही कुणाच्या मागे लागून घेतलेला नाही. त्यात एक्स-रे मशीनचा हप्ता ११,४०० रुपये, जून महिना, शाळेच्या फिया भरून लोकांचे खिसे रिकामे, दिवसाला चार पेशंट. हे एवढ्यासाठी सांगते की मी हावरटपणानं त्यात पडले नाही. माझ्या जागी असता तर तुम्हीही तो फोन ठेवला नसता.

रिव्ह्यू वाढवून देणाऱ्यांचा फोन कसा येतो ते तुम्हाला माहीत आहेच. गोड आवाज, "मॅडम, तुमचं काम उत्तम, पण ऑनलाइन दिसत नाही", व्हॉट्सअॅपवर ब्रोशर, आजच्यापुरती सूट. मी त्याला पहिल्याच फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "खोटे रिव्ह्यू टाकणार असाल तर मला नकोत." तो म्हणाला, "छे छे मॅडम, तुमच्याच पेशंटना आम्ही लिंक पाठवतो, मराठीत मेसेज करतो, आठवण करतो, बस्स." यात चुकीचं काय होतं? पेशंटला रिव्ह्यू लिहा म्हणून सांगायला गूगलची ना नाही. पैसे, सवलत किंवा भेटवस्तू देऊन लिहून घ्यायला ना आहे, आणि फक्त खूश झालेल्यांनाच निवडून विचारायलाही आहे. मला वाटलं, मला जे करायला वेळ नाही ते हे लोक करतील.

ब्रोशरवर 'आयएस १९००० : २०२२ प्रमाणित' असं छापलं होतं. मी भुलले. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं ते भारतीय मानक खरं आहे, २०२२ च्या नोव्हेंबरात आलं. पण ते आहे कशासाठी, तर रिव्ह्यू लिहिणारा माणूस खरा आहे याची खातरजमा व्हावी आणि गोळा करण्यात लबाडी नसावी यासाठी. चोरानं छातीवर पोलिसाचा बिल्ला लावावा तसं ते त्यांनी लावलं होतं. कुणी कागदावर मानकाचा नंबर छापला तर तो नंबर कशाचा आहे ते आधी वाचा.

पैसे असे गेले. नोंदणीचे ५,०००. सहा महिन्यांच्या पॅकेजचे ५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०००, म्हणजे ५९,०००. 'जाहिरातीचं बजेट' म्हणून २५,०००. आणि शेवटचे १२,५००, त्याचं पुढे येईलच. पहिले पाच हजार यूपीआयनं पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणातरी माणसाचं होतं. मी विचारलं, तर "आमचे अकाउंटंट आहेत." मी मान्य केलं. बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी नंबर २४ पासून सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ पासून सुरू होतो, २४ गुजरातचा. बिल हातात आल्यावर पहिले दोन आकडे बघा, अर्धा मिनिट लागतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर मी तो नंबर टाकून पाहिला तेव्हा उशीर झाला होता. निघालं फरशीचं दुकान.

पण ज्या क्षणाचा मला आजही राग येतो तो हा नव्हे. तो बुधवार होता, दुपारचे बारा. खुर्चीत वडणग्याचे एक काका, अक्कलदाढ आडवी, अर्धी सुटलेली. माझ्या दोन्ही हातांत ग्लोव्हज, हातात दाढ सैल करायचा एलिव्हेटर, काकांचं तोंड रक्तानं भरलेलं. ट्रेशेजारी ठेवलेला फोन तिसऱ्यांदा वाजला. असिस्टंट मुलीनं स्पीकरवर टाकला. "मॅडम, गूगलचा ईमेल आलाय, त्यावर फक्त मंजूर करा, नाहीतर आजची बॅच जाईल." ती मुलगी म्हणाली, "मॅडम, यात लिहिलंय प्रोफाइलची मालकी मागितलीय." मालकी! ती वीस वर्षांची पोर तो शब्द मला मोठ्यानं वाचून दाखवत होती. आणि मी काय म्हणाले? "कर गं हो, आधी सक्शन धर."

मालकी हा शब्द मी किती वेळा आठवला असेल. गूगलवरचं माझं नऊ वर्षांचं पान, माझा पत्ता, माझा नंबर, लोकांनी लिहिलेलं सगळं, एका दाढेच्या घाईत दुसऱ्याला देऊन टाकलं. कामाला माणूस नेमायचाच असेल तर त्याला 'मॅनेजर' म्हणून जोडता येतं, तेवढं पुरतं. मालकी मागणारा चोरच समजा. आणि पेशंट खुर्चीत असताना कुठल्याच गोष्टीला हो म्हणू नका.

त्याच आठवड्यात मी पेशंटची यादीही दिली होती. २,३०० नावं आणि मोबाइल नंबर. त्यांना लिंक पाठवायची म्हणूनच दिली, पण दिली ती मीच.

नंतर तीन दिवसांत ४६ रिव्ह्यू आले. पाच स्टार, सगळे. पहिल्या दिवशी मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं आवरून वाचायला बसले. "डॉक्टर सर खूप चांगले आहेत." मी बाई आहे. "मुलाच्या तारा बसवल्या, मस्त काम." मी तारा बसवत नाही, तशा केस मी दुसऱ्यांकडे पाठवते. "पार्किंग भरपूर." आमच्या गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळाली तर नशीब. त्या माणसांच्या नावावर बोट ठेवलं, तर एकानं त्याच दिवशी जयपूरचं गॅरेज, नागपूरचं मंगल कार्यालय आणि माझं क्लिनिक, तिन्हीला स्टार दिलेले. फोन केला. "मॅडम, सुरुवातीला अल्गोरिदमला थोडा धक्का द्यावा लागतो, मग खरे येतात." तिथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, २५,००० भरले, कारण ६४,००० आधीच अडकले होते आणि ते वसूल व्हायला हवेत असं वाटत होतं. अडकलेले पैसे सोडवायला आणखी पैसे टाकू नका.

मग एका रात्रीत नऊ जणांनी एक स्टार दिला. "इन्फेक्शन झालं." "फसवणूक." आणि एकानं लिहिलं, "सुई दुसऱ्यांदा वापरतात." माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं प्रत्येक चक्र झालं की रंग बदललेली पट्टी मी तारीख घालून त्या वहीत चिकटवते. चौदा वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. त्या रात्री मी ती वही उघडून बसले होते आणि कुणाला दाखवू ते कळत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या कॉम्पिटिटरचं काम, काढायला १२,५०० लागतील." भरले. दोन दिवसांत नऊच्या नऊ गेले. जाणारच, ज्यांनी टाकले त्यांनीच काढले! खोटा रिव्ह्यू असेल तर तक्रार आपल्याला फुकट करता येते. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्यानंच तो टाकलाय असं धरून चाला.

पुढची मागणी ३५,००० ची, 'वार्षिक संरक्षण'. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच क्लिनिकच्या पानावरून माझं खातं काढलेलं आणि फोन नंबर बदललेला. चार दिवस माझे पेशंट कुणाशी बोलत होते देव जाणे. मग गूगलनं खोटे रिव्ह्यू उडवले आणि पान बंद केलं. त्यांना दोष देत नाही, नियम तसाच आहे आणि तो मोडला गेला माझ्याच नावावर. पण तोवर उचगावच्या एक आजी, माझ्याकडे दहा वर्षं येणाऱ्या, मोबाइल घेऊन दारात उभ्या. "बाई, तुमच्या नावानं मेसेज आलाय, पाच चांदण्या दिल्या तर दोनशे रुपये. तुमी असलं कवापासनं कराय लागलाय?" त्या रागावल्या नव्हत्या, काळजीनं विचारत होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना. दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेत रुग्णांना आमिष दाखवणं, थेट असो की आडून, अनैतिक म्हटलं आहे. ते वाचलेली मी, आणि माझ्या नावानं हे.

आता पोलिसांचं. एका ठाण्यात गेले, तर "सायबरला जा". तिथं गेले, तर "आधी तुमच्या हद्दीत अर्ज द्या". परत हद्दीत, तर "कंपनी पुण्याची, तिकडं जा". भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी ते पान छापून नेलं. ते न वाचता परत माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना? मग ही दिवाणी बाब." दिवाणी? खोटा जीएसटी नंबर, दुसऱ्याच्या नावाचं खातं, खंडणीसारखी मागणी, हे दिवाणी? फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, हे मी सांगायचं आणि त्यांनी "मॅडम, एवढं शिकलेल्या तुम्ही" म्हणायचं. शिकलेल्या माणसाला फसवलं तर तो गुन्हा होत नाही का? पाच वेळा दुपारचं क्लिनिक बंद ठेवून गेले. बँकेत शिक्क्याचं स्टेटमेंट मिळवायला तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी साहेब मीटिंगमध्ये. अर्जावर पोच मिळाली ती पाचव्या फेरीला, तीही काउंटरवरून हलणार नाही म्हटल्यावर. आजची स्थिती: तपास सुरू. ज्या खात्यावर ५९,००० गेले त्या खात्याचा मालक कोण, एवढंही मला कुणी सांगितलेलं नाही.

तुमच्यावर वेळ आली तर ठाण्याची वाट बघू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात. खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. मी दोन महिन्यांनी केला, कारण मला लाज वाटत होती. त्यांचा धंदा या लाजेवरच चालतो.

चौथ्या फेरीला बाकावर शेजारी इचलकरंजीचा एक मुलगा होता, बी. कॉम. दुसऱ्या वर्षाचा. त्याला टेलिग्रामवर 'टास्क' मिळायचे, तीन ठिकाणी पाच स्टार द्या, १५० रुपये घ्या. पहिले १५० खरंच आले. मग 'प्रीपेड टास्क', म्हणजे आधी आपणच पैसे भरायचे, मग ३८,००० गेले, वडिलांच्या खात्यातले. त्यानं यादी दाखवली. हॉटेलं, गॅरेजं आणि परराज्यातलं एक दातांचं हॉस्पिटल. मला "डॉक्टर सर" लिहिणारा असाच कुणीतरी असेल. दोघांना एकाच प्रकारच्या माणसांनी लुटलं होतं आणि दोघांनाही साहेब जेवायला गेलेत म्हणून सांगितलं होतं.

मी आता काय करते ते सांगते. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड फुकट मिळतो. छापून काउंटरवर ठेवलाय. प्रत्येकाला एकदाच सांगते, रागावून गेलेल्यालाही. यादी कुणाला देत नाही. आणि महिन्याच्या एक तारखेला सगळ्या रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट काढून ठेवते.

हे आधी केलं असतं तर! सात आठवड्यांनी पान परत मिळालं, तेव्हा ८७ पैकी ६१ उरले होते. गेलेल्यांत गारगोटीच्या मास्तरांचा होता. नातवाकडून मोबाइल शिकून त्यांनी मराठीत सात ओळी लिहिल्या होत्या, कवळी बसल्यापासून ज्वारीची भाकरी मोडून खातो, कांदा दातानं फोडतो. २०२१ मध्ये मास्तर गेले. त्या ओळींची प्रत माझ्याकडे नाही, त्यांच्या मुलाकडेही नाही, मी विचारलं.

मंगळवारचा फोन. मैत्रीण म्हणाली, "अगं, एक मुलगा आहे, रिव्ह्यूचं काम करतो, तुला माहितीय का कुणी?" मी बिलाचा फोटो मागवला. पत्ता पुण्याचाच, कंपनीचं नाव वेगळं, जीएसटी नंबर तोच, फरशीच्या दुकानाचा. नोंदणीचे पाच हजार तिनं सकाळी भरले होते. मी विचारलं, मालकीचा ईमेल आला का? ती म्हणाली, "आलाय, पण पेशंट होता, म्हटलं जेवून झाल्यावर बघू." मी तिला फोन चालू ठेवूनच तो नाकारायला लावला.