बीएलडीसी पंखा: मोटार चोख, बोर्डाचं विचारून घ्या

इचलकरंजीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखा, पंप, मिक्सर, लूमची मोटार, सगळं हाताखालून जातं. बीएलडीसी पंखा (ब्रशलेस डीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, बोर्डावर चालणाऱ्या मोटारीचा) घ्यावा का, हे हल्ली जो तो विचारतो. माझ्या घरच्या अशा पंख्याने उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढलेत, म्हणून लिहितोय.

पंखा चांगलाच आहे. १२०० एमएमचा साधा पंखा फुल स्पीडला ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साधा पंखा मलूल होतो, हा ढिला पडत नाही. इन्व्हर्टरवर घरघर नाही आणि बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.

उघडून बघितलं तर काम देखणं आहे. फिरणाऱ्या कवचाला आतून चुंबकं चिकटवलेली, मध्ये तांब्याचं वाइंडिंग. कार्बन ब्रश नाही, कंडेन्सरवर चालू होणं नाही. वाइंडिंगच्या कुठल्या कॉइलला कधी करंट द्यायचा ते पंख्यातला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड ठरवतो, आणि त्यासाठी चुंबक कुठे आहे ते त्याला कळावं लागतं. बऱ्याच पंख्यांत वेगळा सेन्सर नसतो. फिरत्या चुंबकामुळे वाइंडिंगमध्ये जे व्होल्टेज तयार होतं त्यावरून बोर्ड अंदाज घेतो. थांबलेल्या पंख्यात ते व्होल्टेजच नसतं. म्हणून बटण दाबल्यावर हा पंखा आधी जरा मागे-पुढे डुलतो आणि मग उचलतो. बिघाड समजून लोक दुकानात घेऊन येतात. तो बिघाड नाही.

ही मोटार काही नवी नाही, कॉम्प्युटरच्या छोट्या पंख्यात ती कधीपासून आहे. ती छताला टांगून घरगुती किमतीत विकणं अवघड होतं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या मनोज मीणा आणि शिबब्रत दास यांनी २०१२ मध्ये ॲटमबर्ग ही कंपनी काढली आणि २०१५ मध्ये असा पंखा बाजारात आणला, याचं मला मनापासून कौतुक आहे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालं आणि आता सगळ्याच मोठ्या कंपन्या यात आहेत.

अडतं ते बोर्डापाशी. एप्रिलमध्ये आमच्याकडचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो आणि बोर्ड त्याच्या जवळ, बंद डब्यात. त्यावरचे कंडेन्सर उष्णतेने सुकत जातात. लाइनमध्ये न्यूट्रल सुटलं तर २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज येतं आणि बोर्ड क्षणात जातो. काही कंपन्या बोर्डावर राळ ओततात. त्याने दमट हवेपासून बचाव होतो, पण मग आतला एक पार्टसुद्धा बदलता येत नाही. साध्या पंख्याचा कंडेन्सर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, पाच मिनिटांत बसतो. इथे प्रत्येक मॉडेलचा बोर्ड वेगळा. एका ताईंच्या पंख्याचा बोर्ड वॉरंटी संपल्यावर गेला, तर सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, ते मॉडेल बंद झालंय. वाइंडिंग शाबूत, बेअरिंग गुळगुळीत, पाती नव्यासारखी, आणि पंखा भंगारात. मला हे सहन होत नाही. ज्या पंख्याने वीज वाचवायची, तो एका बोर्डापायी फेकला जाऊ नये. कंपन्यांनी निदान दहा वर्षं तरी बोर्ड सुटा विकावा आणि कनेक्टर सगळ्यांनी एकच ठेवावा.

तरीही घ्या म्हणतो. दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: बोर्डाची वॉरंटी किती वर्षांची, आणि सुटा बोर्ड केवढ्याला. उत्तर गोलमाल आलं तर पुढचं दुकान बघा. बसवताना वायरमनकडून जुना रेग्युलेटर बायपास करून घ्या, नाहीतर तो रेग्युलेटरच बोर्डाला खाईल. बेडरूम आणि हॉलला हाच लावा. पाहुण्यांच्या खोलीत, जिथे पंखा महिन्यातून चार दिवस फिरतो, तिथे साधाच राहू द्या.