नऊ महिने, तीन बाटल्या आणि एक लीव्ह-इन कंडिशनर: क्रीम चांगलं, पंपाने रडवलं

जूनच्या शेवटच्या रविवारी न्हाऊन आले. केसांतून पाणी निथळत होतं, डोक्याचे चार भाग करून चिमटे लावले होते. लीव्ह-इनचा, म्हणजे न्हाल्यावर लावून न धुता केसांत तसंच ठेवायच्या क्रीमचा, पंप दाबला, तो खाली गेला तो वर आलाच नाही. स्प्रिंग बसली. बाटली उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. घट्ट कुरळे केस असणाऱ्यांना त्या वेळची घाई कळेल. केस चिंब असतात तोवरच हे क्रीम नीट बसतं. पाच-सात मिनिटं गेली की वरचा थर सुकायला लागतो, बटा फुटतात, आणि पुन्हा डोकं भिजवण्यावाचून इलाज राहत नाही. मी झाकण फिरवून काढलं, नळीला लागलेलं क्रीम बोटांनी निपटून घेतलं आणि वेळ भागवली. नोव्हेंबरपासून वापरतेय त्या या क्रीमबद्दल सविस्तर लिहायचं, हे मात्र तेव्हाच ठरवलं. तक्रार आता मिटली आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. बाटली ३०० मिलीची, किंमत ६४९ रुपये, म्हणजे मिलीमागे दोन रुपये सोळा पैसे. हा हिशोब पुढे लागणार आहे.

माझे केस ३सी आणि ४ए यांच्या मधले. आंद्रे वॉकर या अमेरिकी केशरचनाकाराने १९९० च्या दशकात केसांची जी वर्गवारी केली, त्यातूनच हे आकडे आले. ३सीची बट पेन्सिलीभोवती गुंडाळल्याएवढी असते, ४एची क्रोशाच्या सुईएवढी. माझ्या कपाळावर पेन्सिली आहेत आणि मानेवर सुया. शाळेत 'राठ', 'पिंजारलेले', 'झिपऱ्या' असे शब्द ऐकत मोठी झाले. रोज चापूनचोपून तेल आणि दोन घट्ट वेण्या. तेल कमी पडतंय असंच सगळ्यांना वाटायचं. खरं तर असा केस आडवा कापला तर गोल नसतो, चपटा असतो, आणि मुळापासूनच वळत येतो. टाळूतून निघणारं तेल सरळ केसावरून घसरत टोकाशी पोचतं, पण या वळणांवरून ते उतरत नाही. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला काथ्या.

हे मला कळलं ते आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नायजेरियाच्या विद्यार्थिनीकडून. तिचे केस ४सी, म्हणजे सगळ्यांत घट्ट वळणांचे. ओढून धरले तर खांद्याच्या खाली येतात, सोडले की कानापाशी. पहिल्या दिवशी तिने माझी बाटली हातात घेतली, मागची यादी वाचली आणि बाटली बाजूला ठेवली. म्हणाली, आधी केस भिजव. मी म्हटलं, भिजलेत की. ती म्हणाली, हे ओलसर आहेत. माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, दोन मग पाणी ओतलं, एक भाग सोडून त्यावर दोन पंप क्रीम घेतलं आणि माझाच हात धरून ती बट मुठीत खालून वर दाबली. चिखलात पाय पडल्यावर येतो तसा 'पच्च' आवाज आला. तो आवाज आला नाही तर पाणी घाल, क्रीम वाढवू नकोस, एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापर्यंत मी एका न्हाण्याला बारा पंप वापरत होते. त्यानंतर सात पुरायला लागले. केस वाळल्यावर पांढरट पापुद्रा दिसायचा, तोही थांबला. कुठलंही लीव्ह-इन घेतलंत आणि ते 'बसत नाही' असं वाटलं, तर दुसरी बाटली विकत घेण्याआधी एकदा केसांतून पाणी टपटपत असताना लावून बघा.

आता क्रीमबद्दल. यादीत पहिलं पाणी, मग सेटेअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट, ग्लिसरीन, शिया बटर. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले पाच वाचले तरी स्वभाव कळतो. सेटेअरिलला अल्कोहोल म्हणतात म्हणून दचकू नका. ते मेणासारखं मऊ मेदयुक्त अल्कोहोल आहे. केस कोरडे करतं ते आयसोप्रोपिल किंवा डिनेचर्ड. खरं काम बेहेनट्रायमोनियमचं. त्यावर धन भार असतो, झिजलेल्या ओल्या केसावर ऋण भार, म्हणून जिथे केस जास्त खराब तिथे ते जास्त चिकटतं आणि गुंता सुटतो. पूर्वी माझा गुंता काढायला पाऊण तास आणि मूठभर केस जायचे. या क्रीमने तुळशीबागेतून आणलेली मोठ्या दातांची फणी टोकाकडून वर वीस मिनिटांत फिरते. नोव्हेंबर ते जानेवारी मी इतकी खूश होते की ऑफिसमधल्या दोघींना घ्यायला लावलं.

मग एप्रिल आला. तेच क्रीम, तेवढेच सात पंप, आणि केस दुसऱ्याच दिवशी झाडूसारखे. बटांना हात लावला की करकर वाजायच्या. मी चिडून खरेदीच्या पानावर दोन तारे दिले. ते मत मी आता बदललं आहे. कारण सांगते.

आमची सोसायटी पुण्यात, धायरीत. खडकवासला धरण इतकं जवळ, तरी उन्हाळ्यात वापराच्या नळाला टँकरचं बोअरचं पाणी असतं. नळाच्या तोंडाशी पांढरे थर साचतात, साबणाला फेस येत नाही. एप्रिलमध्ये दोन रविवार मी आईकडे, सदाशिव पेठेत राहायला गेले. तिथे महापालिकेचं पाणी. बाटली सोबत नेली होती. आईने किंमत विचारली आणि म्हणाली, "साडेसहाशे रुपये? अगं, त्यात तीन महिन्यांचं खोबरेल होईल." न्हाण्याआधी तिने तेल लावलंच, आणि त्यात ती चुकत नव्हती. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं आहे. केस धुतले, तेच क्रीम लावलं, आणि वाळल्यावर कानामागची बट सोडली तर स्प्रिंगसारखी उडून परत वर गेली. दोन्ही रविवारी तसंच. म्हणजे अर्धा दोष पाण्याचा होता. जड पाण्यातले क्षार केसावर बसले की त्यावर कुठलंही क्रीम नुसतं वरवर लागतं. तेव्हापासून धायरीत शेवटचे दोन मग पिण्याच्या नळाचे घेते आणि महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार सोडवून काढणारा घटक) असलेला शाम्पू वापरते.

उरलेला अर्धा दोष मात्र क्रीमचाच. आईकडेही तिसऱ्या दिवशी टोकं कोरडी पडली. यादीत चौथ्या नंबरावर ग्लिसरीन आहे, आणि ग्लिसरीन जिथे ओल सापडेल तिथून ओढतं. पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेत ओल जवळजवळ नसतेच, मग ते केसातलीच ओढून बाहेर घालवतं. जूनमध्ये बरोबर उलट झालं. पहिल्या पावसानंतर तेच ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढायला लागलं आणि केस फुगले. यावर मी जे केलं ते असं. उन्हाळ्यात पाच पंप, आणि केस वाळत आले की टोकांना चार थेंब तेल. पावसाळ्यात सहा पंप आणि वरून जवसाचं जेल. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार यायला लागली की लगेच गाळायचं. गार झालं की कापडातून उतरत नाही, मी एकदा सगळं फेकलं आहे. फ्रिजमध्ये आठवडा टिकतं. हे जेल लावल्यापासून पावसात स्कूटरवरून डेक्कनला पोचले तरी बटा जागच्या जागी असतात. हेल्मेटखाली सुती स्कार्फ बांधू नका, तो क्रीम पिऊन टाकतो. मी साटिनचा तुकडा आणून टोपी शिवून घेतली आहे.

इथपर्यंत मी या क्रीमला चार तारे दिले असते. आता पंप.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी दहा पंपांचं वजन केलं होतं. १९ ग्रॅम भरलं. म्हणजे एका न्हाण्याला साधारण १३ ग्रॅम, आणि आठवड्याच्या मधे बटा ताज्या करायला आणखी पाच. त्या हिशोबाने बाटली सोळा आठवड्यांहून जास्त पुरायला हवी. दुसरी बाटली मेअखेर, चौदाव्या आठवड्यात 'संपली'. पंप नुसती हवा ओढत होता. पण हातात बाटली जड लागली. भाजीच्या सुरीने प्लास्टिक कापेना, मग करवतीचं पातं आणून मधोमध कापली.

आत काय होतं ते नीट सांगते. श्रीखंडात चमचा घालून काढला की खड्डा तसाच राहतो, बाजूचं श्रीखंड सरकून तो भरत नाही. बाटलीत तसंच झालं होतं. नळीच्या भोवती बोटभर रुंदीची विहीर, आत चकचकीत कोरडी नळी, आणि भिंतींना सगळीकडून क्रीमचा जाड लेप. शिवाय नळी तळापासून बोटभर वर संपलेली. ज्या मेदयुक्त अल्कोहोलमुळे क्रीम इतकं घट्ट आणि चांगलं आहे, त्याच घट्टपणामुळे ते वाहून नळीपाशी येत नाही. लोशनसाठीचा साधा पंप या क्रीमला चालणारच नाही. खालून तबकडी वर सरकत येते तसा एअरलेस पंप हवा, नाहीतर ट्यूब, नाहीतर साधी रुंद तोंडाची बरणी. रबरी चमच्याने निपटून काट्यावर ठेवलं तर ४६ ग्रॅम. जवळपास शंभर रुपये. त्यावर माझी आणखी अडीच आठवडे न्हाणी झाली. आणि फेब्रुवारीत पहिली बाटली मी तेवढ्याच क्रीमसकट सुक्या कचऱ्यात टाकली होती. ते मला अजून लागतं.

म्हणून तिसऱ्या बाटलीचा पंप दोन आठवड्यांत बसला तेव्हा मी गप्प बसले नाही. कस्टमर केअरला लिहिलं, नवीन बाटली नको, फक्त पंप पाठवा. उत्तर आलं, उघडलेला माल बदलून मिळत नाही, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का. पंप दोन आठवड्यांनी बिघडला तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काय दाखवणार? पुढच्या मेलमध्ये पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट. फोन केला तर, "मॅडम, पंप सुटा येत नाही." कापलेल्या बाटलीचे आणि काट्याचे फोटो पाठवले, त्यावर कुणी एक शब्द लिहिला नाही. एकोणीस दिवस, आठ मेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. बिल, बाटलीवरचा बॅच नंबर आणि सगळे मेल हाताशी ठेवले होते, त्यामुळे पंधरा मिनिटांत काम झालं. चौथ्या दिवशी कंपनीचा फोन आला, अगदी नम्र आवाजात, आणि आठवड्यात नवी बाटली घरी. पंप हवा होता, तो मिळाला. पण नळी मोजली, तेवढीच आखूड. नळीबद्दल लिहिलेल्या पत्राला अजून उत्तर नाही.

वरच्या मजल्यावरच्या मुलीनेही महिनाभर माझ्यातलं क्रीम वापरून पाहिलं. ४सी वाल्यांसाठी तिचं मत महत्त्वाचं आहे, म्हणून लिहिते. गुंता सोडवायला उत्तम, पण एकट्याने ओल धरून ठेवत नाही. तिचे केस दुसऱ्या दिवशी दुपारीच कोरडे व्हायचे. आधी पाणी, मग हे क्रीम, आणि वर तळहातावर चोळून वितळवलेलं शुद्ध शिया बटर, असं केल्यावर चार दिवस टिकलं. माझ्या केसांना तेवढं शिया जड होतं, मुळं चिपचिपतात. तिला एका न्हाण्याला अकरा पंप लागले, म्हणजे तिच्यासाठी ही बाटली महागच पडेल.

नवी बाटली आली त्या रात्री मी झाकण काढून ती रिकाम्या काचेच्या बरणीवर उलटी ठेवली आणि सकाळी पिळून घेतली. बाटलीच्या भिंतींवरचं रबरी चमच्याने काढलं. ३०२ ग्रॅम भरलं, म्हणजे भरताना कंपनीने हात आखडता घेतलेला नाही. आता क्रीम बरणीत आहे, सोबत लाकडी चमचा. ओला हात आत घालायचा नाही, पाणी गेलं की बुरशी येते. आणि तो नवा पंप धुऊन बेसिनजवळच्या हँडवॉशच्या बुटक्या बाटलीला लावला आहे. तिथे नळी तळाला टेकते.