टाटा 1613 ट्रकच्या ॲव्हरेजवर 26,000 रुपये खर्च केले, दोष मात्र थर्मोस्टॅटमध्ये निघाला

इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे नोझल यांवर 26,000 रुपये मोजूनही माझ्या 1613 चे खरे दुखणे चालकाने रेडिएटरपुढे बांधलेल्या एका गोणपाटामुळे सापडले, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले. गाडी 2007 ची आहे, इंजिन कमिन्सचे 5.9 लिटरचे आणि पंप इनलाइन. जाताना सिन्नरहून वाशी मार्केटला कांदा आणि येताना कळंबोलीहून सिन्नर एमआयडीसीसाठी पत्रे, असा तिचा ठरलेला फेरा असल्यामुळे कसारा घाट ती उतरतानाही भरलेली असते आणि चढतानाही.

गेल्या ऑक्टोबरात ॲव्हरेज लिटरला 3.9 किलोमीटरवर आले. महिन्याला सहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ते परवडणारे नव्हते, शिवाय सिलेन्सरमधून काळा धूर येत होता. म्हणून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका पंपवाल्याकडे पंप उतरवून कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचे माप लावून, घेतले, सहाही नोझल बदलले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर इनटेकला 0.25 आणि एक्झॉस्टला 0.51 मिलिमीटर असे लावून घेतले आणि एअर फिल्टर नवा टाकला. पुढच्या पाच फेऱ्यांत ॲव्हरेज 4.3 निघाले. हिशेब मी अंदाजाने करत नाही. दर वेळी त्याच पेट्रोल पंपावर, फेस बसेपर्यंत थांबून, टाकी गळ्यापर्यंत भरतो आणि वजनकाट्याची पावती वहीला लावून ठेवतो. त्या आठवड्यात मी पंपवाल्याचे नाव चार गाडीमालकांना सुचवले, याची आता थोडी लाज वाटते.

आमच्या चालकांना सगळे मामा म्हणतात. तिसऱ्याच फेरीला ते म्हणाले होते, "शेठ, गाडी खात नाही हे खरं, पण ओढतही नाही." मी दुर्लक्ष केले. नोव्हेंबरात एका रात्री मी स्वतः सोबत बसलो, तेव्हा एरवी तिसऱ्या गिअरमध्ये निघणारे कसाऱ्याचे वळण दुसऱ्यातही रडतरडत निघाले आणि मागे वाहनांची रांग लागली. दुसऱ्या पंपवाल्याने पंप मशिनवर चढवून दाखवला, तेव्हा जास्तीत जास्त डिझेल सोडण्याचा स्क्रू ठरलेल्या मापापेक्षा बराच कमी केलेला दिसला. नोझलचे काम चांगले होते आणि धूरही त्यामुळेच कमी झाला होता, एवढे श्रेय पहिल्या पंपवाल्याला दिलेच पाहिजे. पण ॲव्हरेजचा उरलेला भाग त्याने इंजिनाला उपाशी ठेवून काढला होता. फोनवर तो म्हणाला, "ॲव्हरेज मागितलं, ॲव्हरेज दिलं." डिझेलची डिलिव्हरी मापावर आणायला आणखी 2,500 रुपये गेले, पिकअप परत आला आणि ॲव्हरेज 4.1 वर स्थिरावले.

इथेच मी हा विषय सोडून देणार होतो. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि केबिनमध्ये गारठा येतो म्हणून मामांनी जाळीच्या आतून रेडिएटरच्या अर्ध्या भागावर गोणपाट बांधले. त्या तीन फेऱ्यांचे ॲव्हरेज 4.3 आले. आधी वाटले की आपण टाकी भरताना चुकलो. मग मामांनी सहज सांगितले की गोणपाट नसताना रात्री सपाटीवर तापमानाचा काटा खालच्या रेघेच्या वर फारसा सरकतच नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, त्याचे झाकण उघडले तेव्हा आत नुसती रिकामी बैठक होती. कोणत्या तरी उन्हाळ्यात, बहुधा मी गाडी घेण्याच्याही आधी, "गाडी गरम होते" म्हणून कोणीतरी तो काढून फेकला होता.

या एका सवयीबद्दल मला जरा जास्तच राग आहे, हे कबूल करतो. थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, इंजिन तापमानाला येत नाही, थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरते जळत नाही, त्यातले थोडे भिंतींवरून ऑइलमध्ये उतरते आणि ते ऑइलही घट्टच राहून इंजिनाला जड जाते. या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंदही करतो, त्यामुळे तो काढला की घाटात, जिथे गारव्याची खरी गरज असते, तिथेच काही पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनात शिरते. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून काढलेला भाग तिला सपाटीवर थंड आणि चढावर गरम करत होता.

नवा थर्मोस्टॅट पॅकिंग आणि कूलंट धरून 1,850 रुपयांना पडला. बसवण्याआधी तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगून गॅसवर ठेवला, शेजारी थर्मामीटर धरला आणि 82-83 अंशांच्या सुमारास मधली चकती केसभर सरकलेली पाहिली. त्या पातेल्यात पुन्हा चहा होणार नाही, असे घरातून तत्काळ जाहीर झाले.

जानेवारी ते मार्च ॲव्हरेज 4.4 राहिले. उन्हाळ्यात रेडिएटर तसाही फार गारवा देत नाही, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांतले 4.4 मी एकट्या थर्मोस्टॅटच्या खात्यावर टाकणार नाही. तेव्हाच मागचे टायर बदलले होते आणि हवाही नेमाने तपासली जात होती. तरी हिवाळ्यापुरता हिशेब सरळ आहे: 4.1 वरून 4.4 म्हणजे महिन्याला सुमारे शंभर लिटर डिझेल, आणि लिटरला 90 रुपये धरले तरी 9,000 रुपये. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी पंपाला हात लावण्याआधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते पाहावे. मोजके बोल्ट आणि अर्धा तास, इतकेच काम आहे. ॲव्हरेज "काढून देतो" म्हणणाऱ्याला, ते कोणता स्क्रू फिरवून काढणार, हेही आधीच विचारावे.

पहिल्या पंपवाल्याच्या बिलात "सेटिंग" म्हणून 2,500 रुपये वेगळे लावलेले आहेत. ते परत मागितले तेव्हा तो म्हणाला, गाडी घेऊन या, पंप उतरवून पाहू. त्यासाठी गाडी एक दिवस उभी ठेवावी लागेल आणि उभ्या गाडीचा तोटा त्याहून मोठा आहे, म्हणून बिल वहीत तसेच जपून ठेवले आहे आणि मामा त्या रस्त्याने जाताना त्याच्या दारासमोर हॉर्न मात्र न चुकता वाजवतात.